परदेश न पाहिलेल्या वर्गात स्थलांतर कसं शिकवायचं?

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, आठवी-नववीचा वर्ग, आणि ‘स्थलांतरितांचे अनुभव आणि प्रश्न’ असा प्रकल्प घ्यायचा आहे. मुलांनी परदेश सोडा, विमानतळही पाहिलेला नाही. तयार धडे मिळतात ते सगळे अमेरिका-युरोपचे. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की वर्गात वीटभट्टीवरच्या छत्तीसगढी कुटुंबांतली दोन मुलं आहेत, पहिल्याच तासाला मागून कुणी तरी “हे पण घुसखोरच ना सर?” असं विचारलं, वर्ग हसला आणि तुम्ही विषय बदललात.

मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे. मुलांना विषय माहीत नाही ही अडचण नव्हेच. मोबाईलवरून मत आधीच येऊन बसलंय, आणि ते ज्याच्यावर पडणार तो पोरगा त्याच वर्गात वही उघडून बसलाय. त्यामुळे धडा कुठून सुरू करायचा हे ठरवताना त्या दोघांकडे बघून ठरवा, अमेरिकेकडे बघून नको.

मी आधी गडचिरोली जिल्ह्यात आणि मग आंतरजिल्हा बदलीने यवतमाळला, जिल्हा परिषदेच्या शाळांत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवत आले. या दोन ठिकाणी हाच विषय मी एकसारखा शिकवू शकले नाही. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे वर्गातली निम्मी मुलं बंगाली बोलणाऱ्या घरची असू शकतात. इकडे तसं नाही. तुमच्या गावात भट्टीवाल्यांशी पाण्यावरून, चोरीच्या आळावरून नुकतंच भांडण झालं असेल तर खाली सांगितलेल्यातलं बरंच काही दोन-तीन महिने पुढे ढकला. वर्ग शांत असेल तरच हे जमतं. तुमच्या गावाची हवा तुम्हालाच माहीत, ती मी इथून सांगू शकत नाही.

सुरुवात मी आईपासून करते. पहिल्या दिवशी ‘स्थलांतर’ हा शब्दही फळ्यावर लिहायचा नाही. घरी जाऊन आईला, आजीला, काकूला विचारायचं: तुझा जन्म कुठला, इथं आलीस तेव्हा काय काय जमत नव्हतं, पहिलं वर्ष तुला लोक काय म्हणून हाक मारायचे. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून मोजले गेले, आणि त्यांत सगळ्यात मोठा गट लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा होता. म्हणजे वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या घरात एक स्थलांतरित चुलीपाशी बसलेली आहे आणि त्याला ते कधी सुचलेलं नाही.

उत्तरं छान येतात. मी स्वतः भंडाऱ्याकडची, धानाच्या मुलखातली. इकडे ज्वारीच्या भाकरीवर जगायचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, आणि माझी झाडीबोली ऐकून सासरचे हसायचे तेही. मुलं येऊन सांगतात, “माह्या आईले भाकर थापताच येत नव्हती म्हणे, आजी लय बोलायची.” कुणाची आजी बैतूलची निघते, कुणाची आदिलाबादकडची, तिला मराठी वाचता येत नाही हे नातवाला त्या दिवशी कळतं. अन्न, बोली, हाक, चेष्टा, माहेरी जायला परवानगी मागणं, सणाच्या दिवशी येणारी आठवण, हे सगळं वर्गाच्या तोंडून आपोआप बाहेर येतं. जगात कुठल्याही स्थलांतरिताला विचाराल तर यादी फार वेगळी नसते.

मात्र इथे थांबू नका. काही शिक्षक “बघा, आपण सगळेच स्थलांतरित” असं म्हणून टाळ्या घेतात आणि प्रकल्प संपवतात. ते मला पटत नाही. लग्न होऊन आलेल्या बाईला कुणी गावाबाहेर काढत नाही, तिचं नाव रेशनकार्डात चढतं, तिच्या मुलांना शाळा आहे का नाही हा प्रश्न पडत नाही. सीमा ओलांडून, जीव वाचवायला किंवा पोट भरायला आलेल्या माणसाचा अनुभव आईच्या अनुभवाला लागून सुरू होतो आणि मग फार पुढे जातो. तो पुढचा भाग कागदांचा आहे, आणि धड्याचा जीव तिथे आहे असं माझं ठाम मत आहे.

म्हणून दुसरा टप्पा: घरातला सगळ्यात जुना असा कागद शोधा, जो सांगतो की हे कुटुंब इथलं आहे. विदर्भातल्या घरांना हा शोध नवा नाही. जातीचा दाखला आणि पडताळणीसाठी बहुतेक घरांनी तो एकदा तरी केलेला असतो: आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल, जुना सातबारा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांआधीपासून कुटुंब इथे राहत होतं याचा पुरावा मागतात. दहावी-बारावीच्या पोरांच्या बापांना या तारखा तोंडपाठ असतात.

दोन पथ्यं पाळा. मूळ कागद किंवा झेरॉक्स वर्गात आणायचं नाही, कारण त्यावर जात लिहिलेली असते आणि ती अशा रीतीने वर्गात फिरू नये. फक्त एवढंच लिहून आणायचं: कागद कुठल्या कार्यालयाचा, कोणत्या साली, आणि तो मिळवायला घरच्यांना काय करावं लागलं. दुसरं, कुणाचा कागद किती जुना याची शर्यत होऊ द्यायची नाही. भूमिहीनाच्या घरी सातबारा नसतो, आजीचं नाव लग्नानंतर बदललेलं असतं, पुराने किंवा वाळवीने खाल्लेल्या कागदांच्या गोष्टी निघतात. “तीन चकरा मारल्या, साहेब नव्हते” हे वाक्य तर हमखास येतं. ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवा. आपल्याच गावात, आपल्याच तहसीलला, आपण इथले आहोत हे सिद्ध करायला माणसाला किती पायपीट पडते हे मुलांनी स्वतःच्या घरातून आणलेलं असतं. मग विचारा, तुमची भाषा त्या साहेबाला येत नसती तर? कागद जळालेल्या घरात राहिला असता तर? चूक झाली तर दंडाऐवजी तुरुंग असता तर? कुणाला उत्तर द्यायला लावू नका, प्रश्न तसाच ठेवून तास संपला तरी चालतं.

याच टप्प्यावर नकाशा काढायचा, आणि तुमच्या त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाला इथे उत्तर मिळतं. काही आजोबांच्या दाखल्यावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ लिहिलेलं असतं, काहींच्या दाखल्यावर ‘मध्य प्रदेश’. पोरं गोंधळतात. १९०३पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडलेला होता, राजधानी नागपूर. रायपूर, बिलासपूर, दुर्ग हे छत्तीसगढचे जिल्हे त्याच प्रांतात. स्वातंत्र्यानंतर त्याचंच मध्य प्रदेश राज्य झालं, तेव्हाही राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यं नव्याने आखली गेली आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, १९६०ला महाराष्ट्रात. छत्तीसगढ वेगळं राज्य झालं ते थेट २०००मध्ये. म्हणजे तुमच्या वर्गातल्या यवतमाळच्या पोराचा पणजोबा आणि भट्टीवरच्या पोराचा पणजोबा एकाच प्रांतातले, एकाच राजधानीकडे अर्ज करणारे. दोघांपैकी कुणी हललं नाही, रेघ हलली. मी हे नकाशावर दाखवते आणि पुढे काही बोलत नाही. वर्गात कुणाकडे बोट दाखवायची गरज पडत नाही.

त्यानंतर कायदा, आणि तो थोडा कोरडाच शिकवावा. मुलांच्या डोक्यात परप्रांतीय, निर्वासित, परदेशी आणि बेकायदा आलेला हे चौघं एकाच पोत्यात भरलेले असतात. पोतं सोडायचं. छत्तीसगढहून आलेला मजूर भारताचा नागरिक आहे, घटनेच्या कलम १९नुसार त्याला देशात कुठेही फिरायचा आणि राहायचा हक्क आहे, तोच हक्क घेऊन आपल्या गडचिरोली-चंद्रपूरचे लोक उन्हाळ्याच्या तोंडाशी मिरची तोडायला तेलंगणात जातात. २०२०च्या टाळेबंदीत हेच लोक तिकडे अडकले होते, आणि नागपूर-हैदराबाद महामार्गावरून डोक्यावर गाठोडं घेऊन चालणारी माणसं तुमच्या भागातल्या गावांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. नववीच्या पोरांना ते आठवतं, कुणी पाणी दिलं आणि कुणी गावाच्या वेशीवर काट्या टाकल्या, दोन्ही आठवतं.

निर्वासितांचं उदाहरण शोधायला सीरियाला जायची गरज नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने चामोर्शी, मुलचेरा आणि गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात जमिनी देऊन वसवलं. ते जंगल साफ करून धान पिकवायला लागले, त्यांची तिसरी-चौथी पिढी आता मराठीत निबंध लिहिते. तरी एक गाठ सुटलेली नाही: यांतल्या बऱ्याच जणांचा नामशूद्र समाज पश्चिम बंगालात अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२पासून तिबेटी वसाहत आहे, नोर्ग्येलिंग नावाची. तिथल्या अनेकांकडे नागरिकत्व नाही, परकीय म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र आहे आणि त्याचं ठरावीक काळाने नूतनीकरण करावं लागतं. एकाच तालुक्यात दोन वसाहती, दोन्ही घर सोडून आलेल्यांच्या, आणि कागद मात्र पूर्ण वेगळे. हे उदाहरण मला कुठल्याही पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा कामाचं वाटतं.

हुशार पोरगी विचारेलच, “मॅडम, मग आपला निर्वासितांचा कायदा काय म्हणतो?” सांगायचं की भारताने १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. परकीयांचा कायदा १९४६चा होता, त्याच्या जागी २०२५मध्ये नवा आला. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी वाट केली, मुस्लिमांचा त्यात समावेश नाही, आणि वाद त्यावरच आहे. बाजूने बोलणारे काय म्हणतात, विरोधात बोलणारे काय म्हणतात, दोन्ही सांगा. तुमचं मत विचारलं तर ‘शाळेबाहेर सांगेन’ म्हणा. खेड्यात शिक्षकाचं मत संध्याकाळपर्यंत चौकात पोचतं आणि मग धडा राहतो बाजूला.

आता सेवाग्राम. तुमच्या शाळेची सहल कधी ना कधी तिथे जातेच, वर्धा काही लांब नाही. पोरं बापूकुटी बघतात, फोटो काढतात, चरखा बघून परत येतात. पण गांधीजींचा सत्याग्रह जन्मला तो दक्षिण आफ्रिकेत, आणि तिथली लढाई पहिल्यापासून शेवटपर्यंत स्थलांतरितांच्या हक्कांची होती, हे आपण क्वचितच शिकवतो. १८६०पासून तिथल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीत उसाच्या मळ्यांवर भारतीय मजूर करारावर नेले जात. करार संपल्यावर जो तिथेच राहील त्याच्यावर वर्षाला तीन पौंड कर. करारातल्या मजुराला सुरुवातीला महिन्याला दहा शिलिंग मिळत, पौंडाचे शिलिंग वीस. गणित मुलांनाच करायला द्या: सहा महिन्यांची मजुरी, फक्त राहू देण्याबद्दल.

१९०७मध्ये शेजारच्या ट्रान्सवाल वसाहतीने आशियाई लोकांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायची आणि प्रमाणपत्र जवळ बाळगायची सक्ती केली. १६ ऑगस्ट १९०८ला जोहान्सबर्गला मशिदीसमोर कढईत नोंदणीची प्रमाणपत्रं जाळली गेली. १९१३च्या मार्चमध्ये एका न्यायालयाने निकाल दिला की ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्नं ग्राह्य नाहीत, म्हणजे हजारो भारतीय बायका एका दिवसात कायद्याच्या लेखी कुणाच्याच बायका राहिल्या नाहीत. त्यानंतर कस्तुरबा परवान्याशिवाय नाताळची हद्द ओलांडून ट्रान्सवालकडे गेल्या, पकडल्या गेल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगून आल्या. नोव्हेंबरमध्ये दोन हजारांहून अधिक माणसं, खाणमजूर, बायका, लेकरं, तीच हद्द ओलांडून चालत गेली. १९१४ला तीन पौंडांचा कर गेला आणि लग्नांना मान्यता मिळाली.

सेवाग्रामला बा कुटीसमोर उभं राहून मुलांना एवढंच सांगा की इथे राहणाऱ्या बाईने बेकायदा हद्द ओलांडल्याबद्दल तुरुंग भोगला होता. आणि मागच्या टप्प्यातले प्रश्न पुन्हा विचारा: कागद कुणी मागितला, कशासाठी, नसेल तर काय. एखादा पोरगा विचारेल की तिथल्या काळ्या लोकांचं काय. विचारलं तर टाळू नका. त्यांच्यावरचे पासचे, म्हणजे परवाना जवळ बाळगायच्या सक्तीचे कायदे आणखी कडक होते आणि ही लढाई त्यांच्यासाठी नव्हती, हे खरं आहे.

अमेरिकेकडे यायचं ते यानंतर, आणि मुलं स्वतःच येतात, कारण रील त्यांनी पाहिलेला असतो. ५ फेब्रुवारी २०२५ला १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, प्रवासभर हातकड्या घालून. मुलांना राग येतो. “आपल्या लोकायले असं काऊन बांधलं?” मी तो राग वहीत लिहून घ्यायला लावते. पुढच्या पानावर, इकडे कागदाशिवाय आलेल्या परकीयाचं काय करावं हेही लिहायला लावते. दोन्ही पानं घरी नेऊन एकामागून एक वाचा, एवढाच गृहपाठ. काहींचं मत बदलतं, काहींचं नाही. नियम मोडणाऱ्याला परत पाठवावंच, पण हातकडी नको, असंही एकदा एका पोराने लिहिलं होतं, आणि दोन्ही पानांवर तेच लिहिलं होतं. मला ते पुरेसं वाटलं. सगळ्यांनी उदार व्हावं ही माझी अट नाही, दोन्ही पानांवर एकच माप लावावं ही आहे.

अमेरिकेतल्या नोकरीचा एच-१बी व्हिसा, कायम राहायचं ग्रीन कार्ड यांवर फार वेळ घालवू नका. नव्या एच-१बी व्हिसांना वर्षाला ८५ हजारांची मर्यादा आहे एवढं सांगितलं तरी पुरे. त्यापेक्षा दहावीच्या उंबरठ्यावरच्या पोरांना हे सांगा: दहावी पास नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘कामासाठी परदेशी जाण्याआधी तपासणी आवश्यक’ असा शेरा येतो, आणि आखातासह १८ देशांत कामाला जायचं तर सरकारची वेगळी मंजुरी लागते. एजंटांच्या फसवणुकीतून मजुराला वाचवायला ती सोय आहे. गावात कुणी ‘दुबईला लावून देतो’ म्हणत फिरत असेल तर हा भाग पालकांनाही बोलावून घ्या.

राहिले तुमचे ते दोघे. त्यांना उभं करून “तुमचा अनुभव सांगा” असं कधीही म्हणू नका, कितीही प्रेमाने का होईना. बाकी वर्गाने आईची गोष्ट आणली तशी त्यांनीही आणावी, आणली नाही तर विचारू नये. कागदाच्या टप्प्यात त्यांच्याकडे बहुधा आधार कार्डाशिवाय काही नसेल, म्हणून त्या दिवशी सगळ्यांनाच वह्या स्वतःजवळ ठेवायला सांगा, वाचून दाखवणं ऐच्छिक. एखाद्याने छत्तीसगढी गाणं म्हणावं किंवा नकाशावर आपलं गाव दाखवावं असं वाटलं तर संधी ठेवा. मराठी अडत असेल तर हिंदीत लिहू द्या, हा प्रकल्प भाषेची परीक्षा नाही. आणि ‘घुसखोर’ म्हणणाऱ्यालाही वर्गासमोर झापू नका. त्याच्याच गटाला ते नकाशाचं काम द्या.

भट्टीचा हंगाम पावसाआधी संपतो, कधी कधी परीक्षा आटोपायच्या आतही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५प्रमाणे आठवीपर्यंतचं मूल दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या राज्यात गेलं तरी मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून तिकडची शाळा प्रवेश अडवू शकत नाही. आपल्या गावची मुलं बाहेर जाणार असतील तर शिक्षण हमी पत्रक भरून द्या. या दोघांसाठी दाखल्यावर यूडायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीतला, विद्यार्थ्याचा कायम ‘पेन’ क्रमांक नीट लिहिलाय का बघा, तो देशभर चालतो. त्याचा फोटो बापाच्या मोबाईलमध्ये काढून ठेवा, कारण कागद सामानात भिजतो. आणि जायची तारीख मुकादमाला आत्ताच विचारून ठेवा. हिशोब झाला की गाडी रात्रीच निघते आणि शाळेला दोन दिवसांनी कळतं.